बाळीचं मीठ

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणीही कुणाला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "शू झाली का?" जेवलात का, झोप लागली का, हे सगळं त्यानंतर. माझा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मागांचा खडखडाट चालू असताना तो फोनवर इतक्या मोठ्याने हे विचारायचा, की त्याच्या हाताखालच्या माणसांनाही उत्तराची वाट बघायची सवय लागली. मी हो म्हटलं की तो फोन कानाला तसाच ठेवून मागे वळायचा आणि सांगायचा, "झाली रे."

शू आमच्या मुलीची. ती दोन महिन्यांहून जास्त आधी जन्मली. मी एका शाळेत मराठी शिकवते. वर्गात फळ्यापाशी उभी असताना पोटात कळ आली, ती थांबेचना. त्याच संध्याकाळी बाळंत झाले. मुलीचं वजन सव्वा किलोच्या आसपास होतं. मी जिथे बाळंत झाले तिथे एवढ्या लहान बाळांची सोय नव्हती, म्हणून तिला लगेच सात रस्त्याजवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात हलवलं. मी एका ठिकाणी आणि माझं मूल दुसऱ्या ठिकाणी. तिच्याबरोबर गेल्या त्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मंगळवेढ्याकडच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत संसार केला आणि नवरा गेल्यावर टॉवेलचे काठ शिवून मुलाला शिकवलं. इतकी वर्षं शहरात राहूनही त्यांच्या जिभेवर गावच आहे. मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी 'बाळी' म्हटलं आणि घरात तिचं तेच नाव पडलं, म्हणून इथेही मी तेच वापरते.

मला चालता-फिरता यायला लागल्यावर नवऱ्याने मला बाळीकडे नेलं. काचेच्या पेटीत ती पाठीवर पडलेली होती, नाकात नळी, बेंबीपाशी दुसरी नळी, कातडी एवढी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. मी बघतच उभी राहिले. आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाक तुझं हाय. बाकी समदं आमच्याकडचं." एवढ्या नळ्यांमधून त्यांनी ते कसं ओळखलं कोण जाणे, पण त्या वाक्याने माझ्या पायात बळ आलं.

तेवढ्यात सिस्टरने सांगितलं की बाळाचं वजन जन्मापेक्षा उतरलंय. आधीच केवढं होतं, त्यातून अजून कमी झालं, हे ऐकून मी सिस्टरला आकडा पुन्हा विचारला. तिथल्या डॉक्टर बाई चाळिशीतल्या, मूळच्या विजापूरकडच्या. त्यांचं मराठी कानडी वळणाचं आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्यात 'बघा'. त्यांनी आम्हा तिघांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभं राहून सांगितलं.

"आईच्या पोटात बाळ पाण्यात असतं, बघा. त्याच्या अंगातसुद्धा जादा पाणी असतं, ते घेऊनच ते बाहेर येतं. पहिल्या काही दिवसांत हे पाणी लघवीवाटे जायला पाहिजे. गेलं की वजन थोडं उतरतं. मी त्याचीच वाट बघत होते."

नवऱ्याने विचारलं, "मग सलाईन इतकं हळू का ठेवलंय? थेंब पडताना दिसतसुद्धा नाही."

"जास्त दिलं तर तिच्या किडनीला ते बाहेर टाकता येणार नाही. ते पाणी अंगात साठेल, हृदयावर, फुफ्फुसावर ताण येईल. आणि फार कमी दिलं तर ती सुकेल. कातडी बघितली ना? त्यातून पाणी उडून जातं. आणि मोठ्या माणसाची किडनी कशी, पाणी कमी पडलं की लघवी घट्ट करून पाणी वाचवते. हिच्या किडनीला तेही फारसं जमत नाही. म्हणून आम्ही रोज वजन करतो, लंगोट तोलतो, रक्तातलं सोडियम बघतो आणि मग उद्याचं पाणी ठरवतो."

"सोडियम म्हंजी?" आत्यांनी विचारलं.

"मीठ, आजी. रक्तातलं मीठ."

आत्यांनी मान हलवली. त्यांना सगळ्यात जास्त पटलं ते लंगोट तोलायचं. सिस्टर ओला लंगोट काट्यावर ठेवायची, त्यातून कोरड्या लंगोटाचं वजन वजा करायची आणि तेवढी शू धरायची. आत्या दाराच्या काचेतून हे बघत बसायच्या. काट्यावर लंगोट चढला की त्या बाहेर येऊन मला सांगायच्या, नवऱ्याला फोन लावायला लावायच्या. फोनवरचा तो प्रश्न असा सुरू झाला. जन्मभर ज्या गोष्टीला आपण नाक मुरडतो, तिची बातमी आम्ही पेढे वाटावेत तशी वाटत होतो.

एके दिवशी माझ्या अंगात कणकण होती. त्या सुमाराला बाळीला रोज काही वेळ पेटीबाहेर काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात झाली होती. आईच्या अंगाची ऊब लागली की अशी बाळं शांत राहतात, त्यांचा श्वास सुधारतो. पण ताप असताना सिस्टर मला आत सोडेना. तिने आत्यांकडे बघितलं. "आजी बसतील का?"

आत्या गडबडल्या. "मी? म्हातारीच्या अंगाला काय ऊब असती व्हय?"

पण त्या गेल्या. नखं कापून घेतली, कोपरापर्यंत हात धुतले, दवाखान्याचा पुढून उघडा असलेला गाऊन घातला. आरामखुर्चीत मागे रेलून बसल्या आणि सिस्टरने बाळी त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, वरून कापड गुंडाळलं. मी काचेतून बघत होते. आत्यांनी दोन्ही हात बाळीच्या पाठीवर धरले आणि मग त्या हलल्याच नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात उचलला नाही. वेळ संपली तेव्हा त्यांचा एक पाय पूर्ण बधिर झालेला होता, सिस्टरने धरून उठवलं.

बाहेर आल्या त्या हसतच. "माझ्या अंगावर मुतली," त्या म्हणाल्या. लंगोटाच्या कडेने शू बाहेर आली होती आणि गाऊनला डाग पडला होता. सिस्टर मागून म्हणत होती, "अहो, आता ही मोजायची कशी?" त्यावर आत्यांनी तिला सांगितलं, "लिवून घ्या की, भरपूर हाय म्हनून."

डॉक्टरांनाही नंतर हे कळलं. त्या दिवशी कागदावर सिस्टरने खरंच 'आजीच्या अंगावर' असं लिहिलं होतं, म्हणे.

सलाईन हळूहळू कमी होत गेलं आणि नळीतून माझं दूध सुरू झालं. मी पंपाने दूध काढायची, सिस्टर ते नळीने बाळीच्या पोटात सोडायची. पहिल्यांदा अगदी चमचाभर, मग वाढत वाढत. उलटी नाही, पोट फुगणं नाही. सगळं चांगलं चाललं होतं. आणि मग तिसऱ्या आठवड्यात वजन अडलं. दूध वाढतंय, पोटात टिकतंय, पण काटा जागचा हलत नाही. एक दिवस उलट थोडं कमीच भरलं.

आत्या घरून डबा आणायच्या. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, दूध वाढावं म्हणून जे जे त्यांना ठाऊक होतं ते सगळं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पंपाच्या बाटलीतलं दूध उजेडात धरून बघत बसले. मला ते पातळ वाटलं, निळसर वाटलं.

"माझं दूधच कसाचं नाही, आत्या," मी म्हटलं. "तिच्या अंगी लागत नाही."

आत्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली, झाकण लावलं आणि सिस्टरकडे दिली. मग परत येऊन माझ्याजवळ बसल्या. "दुधाला नाव ठिवू नगंस," त्या म्हणाल्या. "कारन दुसरंच असंल. डाक्तरनीला इचारू." आणि डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. मी रडत रडत जेवले. त्या समोर बसून स्वतःची भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खात होत्या. ही चटणी त्यांच्या पिशवीत कायम असायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाब निघाला होता, डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून बजावलं होतं. आत्यांनी भाजीतलं मीठ कमी केलं आणि चटणी वाढवली.

दुपारी नवरा आला, त्याच सुमाराला रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या.

"कारण सापडलं, बघा. सोडियम कमी झालंय."

"म्हणजे दुधात कमी आहे?" मी विचारलं.

"दूध उत्तम आहे. महिने भरून जन्मलेल्या बाळाला त्यातलं मीठ पुरतं, कारण त्याची किडनी ते राखून ठेवते. किडनीचं काम काय? रक्त गाळायचं आणि गाळून आलेल्यातलं जे कामाचं आहे ते परत उचलून घ्यायचं. पाणी परत घ्यायचं, मीठ परत घ्यायचं. हिच्या किडनीला मीठ परत घ्यायचं काम अजून नीट येत नाही. ते शिकायचे जे शेवटचे दोन महिने असतात, ते पोटातच व्हायचे होते. ते हिला मिळाले नाहीत. म्हणून तुम्ही दूध देताय, त्यातलं मीठ लघवीतून निघून जातंय. आणि मीठ कमी पडलं की बाळ वाढत नाही, कितीही दूध पाजा."

इतके दिवस मी स्वतःच्या अंगात खोट शोधत होते, ती तिथे नव्हतीच. नवरा नंतर म्हणाला की माझा चेहरा त्या वेळी बदललेला त्याला दिसला. मला फक्त एवढं आठवतंय की मला फार भूक लागली.

"मग आता?" आत्यांनी विचारलं.

"आता तिला मीठ द्यायचं."

आत्यांनी माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे बघितलं. "एवढ्याशा जिवाला मीठ? वरसाच्या आत लेकराला मीठ देऊ नये म्हनत्यात की."

"बरोबर म्हणतात. निरोगी बाळाला द्यायचंच नाही. हिला औषध म्हणून द्यायचं. मोजून, थेंबाथेंबाने, दिवसभराच्या दुधात वाटून. आणि रक्त तपासत राहायचं."

मग अगदी साध्या मनाने आत्यांनी विचारलं, "मंग मी घरून आनू का चिमूटभर? आमचं बारीक मीठ हाय, चाळून घिते."

डॉक्टर बाई एरवी हसून बोलायच्या, पण या वेळी त्या हसल्या नाहीत. त्या आत्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "आजी, हे नीट ऐका. घरचं मीठ कधीच नाही. चिमटीत किती आलं हे कुणाला कळत नाही. हिच्या किडनीला जसं मीठ राखता येत नाही, तसं जास्त झालेलं बाहेरही टाकता येत नाही. कमी झालं तर वाढ थांबते, एकदम जास्त झालं तर मेंदूला इजा होते, फिट येते. आमचं औषध बाटलीतलं आहे, मोजलेलं. तेच द्यायचं. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

डॉक्टर उठता उठता थांबल्या. त्यांचं लक्ष आत्यांच्या पायांकडे गेलं होतं. घोटे सुजलेले होते. "आजी, तुमचं बीपी कधी बघितलं?" आत्या काहीतरी पुटपुटल्या. डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली आणि तिथेच, लहान मुलांच्या दवाखान्यात, सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला गेला. आकडा बघून डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी मोठ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि जाऊन आल्याशिवाय नातीला छातीवर देणार नाही अशी धमकीही दिली.

त्या संध्याकाळी घरी जायला निघताना आत्या मला म्हणाल्या, "बघ की गं. तिला मीठ ठिवता यीना, आन् मला टाकता यीना." मग थोडं थांबून, "पर ती लहान हाय. मला तरी अक्कल पायजे."

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे जाऊन, गोळी बदलून घेऊन आल्या. डब्यात चटणीच्या दोन वाट्या होत्या. "ही तुजी, ही माजी," त्यांनी सांगितलं. त्यांची चटणी मी चाखून बघितली. शेंगा, तिखट, लसूण, जिरं, आणि मीठ नावाला. मला ती खाववली नाही. त्यांनी मात्र भाकरी संपवली आणि वर म्हणाल्या की सवय झाली की चांगली लागंल. ती त्यांना चांगली कधीच लागली नाही, असं मला वाटतं, पण त्यांनी पुन्हा जुनी केली नाही.

बाळीच्या दुधात मिठाचे थेंब सुरू झाले. काही दिवस काहीच झालं नाही. रक्त तपासलं, डॉक्टरांनी थेंब किंचित वाढवले. मग एका सकाळी सिस्टर वजन करून बाहेर आली आणि तिने आम्हाला काही सांगायच्या आधीच आत्या म्हणाल्या, "वाढलं." तिच्या चालण्यावरून त्यांनी ओळखलं होतं. वाढ अगदी थोडी होती, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नवरा कारखान्यातून थेट आला. त्याच्या केसांत नेहमीसारखी कापसाची तूस होती. सिस्टरने त्याला परत पाठवलं, डोकं धुऊन ये म्हणून. तो नळाखाली डोकं धरून, ओल्या केसांनी आत गेला आणि पेटीसमोर उभं राहून बाळीला म्हणाला, "खा बाई मीठ. आपल्याच घरची आहेस."

सोलापूरचं ऊन पूर्ण तापलं तेव्हा आम्ही बाळीला घरी आणलं. बरोबर मिठाच्या औषधाची बाटली आणि सुई नसलेली छोटी सिरिंज. औषध काढायचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. तो सिरिंज उजेडात धरायचा, डोळ्याच्या पातळीला आणायचा, मग माझ्याकडून एकदा बघून घ्यायचा आणि मगच वाटीतल्या काढलेल्या दुधात सोडायचा. पहिल्या दिवशी सिरिंजच्या टोकाला राहिलेला थेंब आत्यांनी बोटावर घेऊन चाखला. "खारट हाय की," त्या म्हणाल्या, जणू इतके दिवस त्यांना शंकाच होती.

आमच्या शेजारी एक तेलुगू मावशी राहतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम, आता घराच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत. माझं लग्न झाल्यापासून मी बघतेय, त्यांचा आणि आत्यांचा एकमेकींशिवाय चहा होत नाही. मावशी बाळीला बघायला आल्या, तिचे ओठ बघितले आणि म्हणाल्या, "एवढं ऊन पडलंय, पोरीचं नरडं वाळत असेल. दोन चमचे पाणी पाज की."

"पानी न्हाय," आत्या म्हणाल्या. "दुधात पानी असतंय."

"दूध वेगळं, पाणी वेगळं. माझी चारही लेकरं पाण्यावर वाढली."

"तुजी भरल्या दिसाची व्हती. हिची किडनी अजून शिकालीय. नुसतं पानी पाजलं की अंगातलं मीठ पातळ हुतंय. डाक्तरनीनं सांगितलंय."

मावशींना हे पटलं नाही. दवाखान्यातून आलं की माणसं शेजाऱ्याचं ऐकत नाहीत, असं काहीतरी म्हणून त्या उठल्या. जाताना त्यांनी माझ्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी चमच्यात घेतलंच होतं. आत्यांनी तो चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला. जोरात नाही, पण घेतला. मावशी निघून गेल्या आणि नंतर कित्येक दिवस चहाला आल्या नाहीत.

आत्या बाहेरून काही दाखवायच्या नाहीत, पण चहाच्या वेळी त्यांचं दाराकडे लक्ष असायचं. शेवटी एका दुपारी त्यांनी बाळीला अंघोळ घातली, टोपडं बांधलं आणि तिला घेऊन सरळ मावशींच्या दारात गेल्या. मी मागोमाग गेले. मावशी मागांपाशी होत्या. आत्यांनी बाळी त्यांच्यापुढे धरली. "धर," त्या म्हणाल्या. "हात धुऊन धर."

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, मग आठवून पुन्हा धुतले आणि नुसते वाळू दिले. बाळीला मांडीवर घेतल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीतली पिशवी आणायला सांगितली. पिशवीत जुन्या सुती साड्यांचे लंगोट होते, कापून, कडा दुमडून शिवलेले, उकळून वाळवलेले, एकावर एक घडी घातलेले. मऊ इतके की हाताला कळत नव्हते. त्या रागात असतानाही हे शिवत होत्या. "हे तिला लागतील म्हणून ठेवलेले," त्या म्हणाल्या आणि आत्यांकडे न बघता बाळीला सांगितलं, "पाणी नको तर नको."

त्या दिवशी चहा मावशींच्या घरी झाला.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी बाळीचा लंगोट बदलायला गेले तर तो कोरडा होता. सकाळपासून एकच ओला झाला होता. ती सुस्त वाटत होती, दूध थोडं पिऊन झोपत होती. आत्यांनी तिच्या टाळूवरून हात फिरवला, ओठ बघितले. नवरा कामावर होता. आत्यांनी ओला पंचा रिक्षाच्या उघड्या बाजूला धरला, मी बाळीला छातीशी धरलं, आणि आम्ही दवाखान्यात गेलो. रस्त्यात मी दोन वेळा तिला हलवून जागं केलं. ती कुरकुरली की मला बरं वाटायचं.

डॉक्टर बाईंनी तिला तपासलं, वजन केलं, रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मला तिथेच पडद्यामागे बसवून पाजायला सांगितलं. बाळी आधी नको नको करत होती, मग लागली आणि बराच वेळ पीत राहिली. तिथल्या गार हवेमुळे असेल, किंवा माझा जीव थोडा खाली बसल्यामुळे असेल. आत्या पडद्याबाहेर उभ्या होत्या. थोड्या वेळाने माझ्या मांडीला ओलं लागलं.

"आत्या," मी हाक मारली, "झाली."

"व्हय?" त्या पडद्याआड आल्या, हात लावून बघितला आणि तिथेच स्टुलावर बसल्या.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उन्हामुळे घाम गेला होता आणि झोपेत पाजण्यांमधलं अंतर वाढलं होतं, एवढंच. अशा दिवसांत तिला उठवून, जास्त वेळा पाजायचं, त्यांनी सांगितलं. पाणी नाही, दूधच. मग त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

"आणि हे बघा. सोडियम मस्त आहे. गेल्या वेळी आपण थेंब कमी केले होते ना? तरी उतरलं नाही. आता ती स्वतः मीठ राखायला लागली आहे. उद्यापासून थेंब बंद. आठवड्याने एकदा तपासू, बस."

"म्हंजी शिकली?" आत्यांनी विचारलं.

"शिकली, आजी."

आत्यांनी बाळीचे पाय हातात घेतले, दोन्ही तळवे स्वतःच्या डोळ्यांना लावले. लहान मुलांचे पाय असे डोळ्यांना लावताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. येताना रिक्षात बाळी टक्क जागी होती आणि आत्या तिला रस्त्यावरची दुकानं सांगत होत्या, ही भांड्याची, ही चादरीची, ही औषधाची, हितं आता न्हाय यायचं.

नवऱ्याला घरी आल्यावर सांगितलं तेव्हा त्याने सवयीने सिरिंज हातात घेतलेली होती. ती धुऊन, पुसून त्याने परत ठेवली. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. बाळी झोपलेली असताना तो तिच्या शेजारी बसून वारा घालत राहिला, पंखा चालू असताना.

बाळी आता दुसरीत आहे. लवकर जन्मलेल्या मुलांच्या किडनीत गाळण्या थोड्या कमी तयार होतात, म्हणून वर्षातून एकदा तिचा रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यायची, एवढं पथ्य डॉक्टरांनी सांगितलंय. आजवर सगळं नीट आहे. चणीने ती बारीकच राहिली. वर्गात उंचीने सगळ्यात लहान, त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहते. तो तिला मान वाटतो. बाईंनी आपल्याला निवडून पुढे उभं केलंय, असं ती समजते. शाळेत सोडायला आत्या जातात. फाटकाच्या जाळीतून त्या प्रार्थना संपेपर्यंत बघत थांबतात आणि घरी येऊन मला सांगतात, आज ती सगळ्यांच्या आधी हात जोडून उभी होती, आज डोळे मिटायला विसरली, आज मागच्या मुलीशी बोलत होती.